बेंजो, नागीण आणि फंक : आपल्या वरातीतल्या विजेच्या सुराची गोष्ट



आपल्या या पानावर जुन्या शाळा, तंबाखूच्या वखारी, एस.टी.चे ड्रायव्हर, सर्कशीचे तंबू, सगळ्यांवर लिहून झालं. बेंजोवर मात्र कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. चिकोडी, निपाणी, सदलगा, एकसंबा, संकेश्वर या पट्ट्यात ज्यांची लग्नं 1970 ते 2000 च्या दरम्यान झाली, त्यांतल्या बहुतेकांची वरात बेंजोवरच निघाली असणार. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेत 1960 च्या दशकात कृष्णवर्णीय कलाकारांनी एक नाचाचं संगीत घडवलं, त्याला फंक म्हणतात. जेम्स ब्राउन हा त्याचा मोठा माणूस. त्यानं काय केलं, तर गाण्यातली चाल थोडी मागं सारली आणि ताल पुढं आणला. गिटार, बाजा, शिंगं, सगळ्यांना त्यानं ढोलकीच्या कामाला लावलं. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकदम आदळायचं आणि मधल्या जागांत प्रत्येकानं आपापले तुकडे पेरायचे. या पहिल्या मात्रेला ते लोक नुसतं ‘वन’ म्हणतात. आपल्याकडं तिला सम म्हणतात. समेवर मान हलणारा माणूस फंकला बिचकायचं कारण नाही.

या संगीतात विजेवर चालणाऱ्या पट्टीवाद्यांना फार मान मिळाला. ती वाद्यं म्हणजे आजच्या कीबोर्डसारखी आत चिप असलेली पेटी नव्हती. प्रत्येकात काहीतरी खरोखर हलत होतं, थरथरत होतं. वीज फक्त तो आवाज मोठा करायची.

हॅमंड ऑर्गनचं घ्या. लॉरेन्स हॅमंड हा विजेची घड्याळं बनवणारा. त्याच मोटरवर दातेरी चाकं फिरवून त्यानं 1935 मध्ये ऑर्गन बाजारात आणला. गरीब चर्चना पाइप ऑर्गन परवडत नव्हता, त्यांच्यासाठी. तो तिथून नाचाच्या हॉलमध्ये पोचला. व्हर्लिट्झर पियानोत पोलादी पत्त्या असतात आणि त्यांवर छोटी हातोडी पडते. म्हणजे आपल्या पेटीच्या सुराचीच चुलत भावंडं, फक्त इथं भात्याच्या वाऱ्याऐवजी हातोडी. रे चार्ल्सनं 1959 मध्ये हा आवाज घरोघरी नेला. आणि ऱ्होड्स! हॅरोल्ड ऱ्होड्स हा पियानो शिकवणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धात जखमी वैमानिकांना अंथरुणावर बसून वाजवता यावा म्हणून त्यानं बॉम्बर विमानांच्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांपासून मांडीवर मावेल असा पियानो बनवला. पुढं त्यातूनच त्याचा इलेक्ट्रिक पियानो आला. त्यात हातोडी एका पोलादी काडीवर पडते आणि शेजारचं चुंबक ती थरथर पकडतं. हळू दाबलं तर देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज, जोरात दाबलं तर गुरगुरल्यासारखा.

या सगळ्यांत माझं लक्ष वेधलं ते क्लॅव्हिनेटनं. जर्मनीतल्या होनर कंपनीनं ते 1960 च्या दशकात बनवलं. होनर म्हणजे तीच, जिचे माउथऑर्गन आपल्या लहानपणी श्रीमंतांच्या पोरांच्या खिशात असायचे. अर्न्स्ट झकारियास नावाच्या त्यांच्या कारागिरानं त्याची रचना केली. आत 60 तारा. पट्टी दाबली की खालचं रबराचं टोक तार दाबून धरतं आणि तिचा नाद चुंबकी पिकअपमधून अॅम्प्लिफायरकडं जातो. बोट उचललं की लोकरीच्या दोऱ्यांमुळं नाद जागच्या जागी बंद. त्यामुळं आवाज कसा, तर तुटक, कोरडा, टणत्कारी. स्टीव्ही वंडर या अंध कलाकारानं 1972 मध्ये ‘सुपरस्टिशन’ या गाण्यात तो असा वाजवला की आजही फंक म्हटलं की लोकांना तोच आवाज आठवतो. त्या गाण्यातले ड्रमही त्यानंच वाजवलेत. ऐकून बघा. वाद्य सुरांचं आहे, पण काम हलगीचं करतंय.

आता मंडळी, लक्ष द्या. तारा, वर पट्ट्या, खाली चुंबकी पिकअप, शेजारी अॅम्प्लिफायर, आणि तुटक टणत्कारी आवाज. हे वर्णन ऐकून तुम्हाला काय आठवलं? मला तरी आपला बेंजोच आठवला.

आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला गोल चामड्याचा बँजो नव्हे. आपला बेंजो मूळचा जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये हे वाद्य बनवलं. तिकडं त्याच वर्षी तैशो नावाचं राजपर्व सुरू झालं, म्हणून त्याचं नाव तैशोगोतो. एक लांबट लाकडी खोकं, त्यावर ताणलेल्या तारा, आणि डाव्या हातासाठी टाइपरायटरसारख्या गोल कळा. कळ दाबली की तार नेमक्या जागी दाबली जाते, उजव्या हातानं नखीनं तार छेडायची. सूर कुठं सापडेल याची धास्ती नाही, कळेवरच ठरलेला. बँकेत आम्ही रेमिंग्टनवर जे बडवत होतो तेच इथं, फक्त कागदाऐवजी सूर उमटायचा.

हे वाद्य आपल्या देशात आलं आणि बुलबुल तरंग झालं. तिकडं बलुचिस्तानात ते बेंजू झालं आणि तिथले लोक त्यावर आपलं अस्सल लोकसंगीत वाजवतात. आपल्याकडं मुंबईच्या गिरणगावात, कोळीवाड्यांत आणि इकडं कोल्हापूर-बेळगाव भागात ते बेंजो झालं. मूळचा आवाज अगदी नाजूक, खोलीत बसून ऐकण्याजोगा. ढोल-ताशाच्या शेजारी त्याचा काय टिकाव लागणार? मग कोणीतरी त्याच्या तारांखाली गिटारचा पिकअप बसवला, वायर काढली, अॅम्प्लिफायरला जोडली आणि वर कर्णा चढवला. तिथून पुढं ते वाद्य वेगळंच झालं.

जर्मनीतल्या कारखान्यात झकारियासनं जे केलं, साधारण तेच तत्त्व आपल्या गल्लीबोळांतल्या पोरांनी सोल्डरिंगच्या गनवर साधलं. फरक आहेच. क्लॅव्हिनेटला नखी लागत नाही, दहाही बोटं चालतात. बेंजोला एक हात कळांवर आणि एक तारांवर. पण कानाला जे लागतं ते सारखं आहे : तारेचा खरा नाद, विजेनं फुगवलेला, कडेला थोडा फाटलेला. जाणकार त्या फाटलेपणालाच गोडी म्हणतात.

खरं क्लॅव्हिनेट किंवा ऱ्होड्स आपल्या भागात यायचा प्रश्नच नव्हता. 1991 च्या आधी परदेशी माल म्हणजे परवाना, परकीय चलन आणि भरमसाट आयातकर. मुंबईच्या स्टुडिओंत मोजकी वाद्यं असायची आणि ती वाजवणारे त्याहून मोजके. पण त्या मोजक्या लोकांनी काय काय केलं ते सांगायला हवं, कारण आपली वरात त्यांच्याच सुरांवर नाचली.

पहिलं उदाहरण ‘नागिन’चं. 1954 चा हेमंतकुमारांच्या संगीताचा सिनेमा. त्यातली पुंगी कोणा गारुड्याची नव्हे. ती वाजवली कल्याणजी वीरजी शहा यांनी, म्हणजे पुढं कल्याणजी-आनंदजी या जोडीतले कल्याणजी, आणि वाद्य होतं क्लॅव्हिओलिन. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसानं 1947 मध्ये बनवलेली व्हॉल्व्हवरची छोटी पेटी, एका वेळी एकच सूर काढणारी. सोबतीला हार्मोनियमवर रवी होते, तेच पुढं संगीतकार झालेले. इंग्लंडच्या बीटल्सनी त्याच जातीचं वाद्य आपल्या गाण्यात वापरलं ते 1967 मध्ये. म्हणजे आपले कल्याणजी त्यांच्या तेरा वर्षं आधी!

या सुराची पुढची गंमत बघा. नकली पुंगी इतकी गाजली की खरे गारुडीही तीच चाल वाजवायला लागले. मग ती क्लॅरिनेटवर बँडवाल्यांनी घेतली, बेंजोवाल्यांनी घेतली. आपल्याकडं वरातीत रुमाल तोंडात धरून लोळणारा एक गडी आणि समोर रुमालाचीच पुंगी करून डुलणारा दुसरा, हे दृश्य कोणी पाहिलं नाही? माझ्या स्वतःच्या वरातीत, 1976 साली, आमच्या एका वडीलधाऱ्या मामांनी नव्या धोतरासकट रस्त्यावर लोळण घेतली होती. मामी आठ दिवस बोलल्या नाहीत. त्या लोळणीच्या मागं एक फ्रेंच विजेची पेटी होती हे मामांना कुठं ठाऊक!

मग आलं राहुलदेव बर्मन यांचं युग. फंकचा ताल हिंदी गाण्यात मुरवला तो मुख्यतः त्यांनी आणि त्यांच्या वादकांनी. केर्सी लॉर्ड हे पारशी वादक. ‘रूप तेरा मस्ताना’तलं अॅकॉर्डियन त्यांचं. सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर सिनेमासंगीतात आणणाऱ्यांतही ते पुढं होते. चरणजित सिंग यांनी ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे इटलीच्या फार्फिसा कंपनीचं विजेचं अॅकॉर्डियन, ‘दम मारो दम’मध्ये वाजवलं. याच चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी फारशी विचारली नाही. 2010 मध्ये परदेशात ती पुन्हा निघाली आणि तिकडची तरुण पोरं चकित झाली, कारण तसला आवाज पाश्चात्त्य क्लबांत नंतरच्या काळात आला होता. म्हातारपणी चरणजित सिंगांना युरोपात कार्यक्रम मिळाले. 2015 मध्ये ते गेले. उशिरा का होईना, त्यांचं नाव झालं.

आमच्या बेंजोवाल्यांचं कोणी नाव घेतं का? मला सांगायचं आहे ते इथून पुढं.

मुंबईत तयार झालेलं गाणं रेडिओ सिलोनवर, विविध भारतीवर लागायचं आणि पंधरा दिवसांत आपल्या बेंजोवर यायचं. स्वरलिपी नाही, शिक्षक नाही. कानानं ऐकायचं आणि कळा शोधायच्या. स्टुडिओत शंभर वादकांनी वाजवलेलं गाणं आठ-दहा जणांत बसवायचं. बेंजो एक किंवा दोन, ढोलकी, ताशा, ड्रम, खुळखुळा, आणि हातगाडीवर बॅटरी, अॅम्प्लिफायर, कर्णे. नंतर टेम्पो आणि जनरेटर आले. पहिल्या बेंजोवाल्यानं चाल धरायची, दुसऱ्यानं मधले तुकडे भरायचे, मुखड्यावर येताना ताशानं उठाव द्यायचा आणि समेवर सगळ्यांनी एकदम. जेम्स ब्राउननं वेगळं काय केलं?

आणि गाणी कुठली? आपला जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यावर या पानावर पुष्कळ चर्चा झाली आहे, ती इथं नको. पण बेंजोवाल्याची वही बघितली असतीत तर कळलं असतं. कोळीगीत, दादा कोंडक्यांच्या सिनेमातलं गाणं, त्याला लागून डॉ. राजकुमारांचं कन्नड गाणं, मग आरडी, शेवटी देवाची आरती. नवरा मराठी, नवरी कन्नड बोलणारी, अशी लग्नं आपल्याकडं कमी नाहीत. वरात नवरीच्या दारात आली की बेंजो आपोआप कन्नड व्हायचा आणि पलीकडच्या बायका हसायच्या. कोणी सांगावं लागत नव्हतं. बेंजोला शब्द नसतात, त्यामुळं भांडण कशावर करणार?

वादकही असेच सगळ्या समाजांतले. एकाच पार्टीत बेंजोवर मुसलमान पोरगा, ढोलकीवर मातंग समाजातला, ताशावर मराठा, अॅम्प्लिफायर सांभाळायला लिंगायत वायरमन, असं मी कित्येकदा पाहिलंय. सकाळी कोणी तंबाखूच्या वखारीत, कोणी सायकलच्या दुकानात, कोणी रंगकामावर.

मी बँकेत होतो, त्यामुळं या कलेकडं मला जरा वेगळ्या खिडकीतून बघायला मिळालं. आमच्या शाखेत एका बेंजोवाल्याचं पिग्मी खातं होतं. नाव सांगत नाही. त्याचं पासबुक म्हणजे पंचांगच होतं. तुळशीचं लग्न झालं की भरणा सुरू. माघ-फाल्गुनात वाढायचा, चैत्र-वैशाखात शिगेला. आषाढात शून्य. श्रावणात शून्य. भाद्रपदात गणपती आले की पुन्हा भर. नवरात्र संपेपर्यंत कसंबसं, मग परत वाट बघणं. मी वाणिज्य शाखेचा माणूस. पण मुहूर्तावर चालणारा रोख प्रवाह पुस्तकात शिकलो नव्हतो, तो त्या पासबुकात शिकलो. त्या पैशांत त्यानं बहिणीचं लग्न केलं आणि दोन पोरं शिकवली. बेंजोचा पिकअप जळाला तर तो दुसरा मागवायचा नाही, तारेची वेटोळी स्वतः गुंडाळायचा. त्याची बोटं दाखवून एकदा म्हणाला होता, “साहेब, ह्या बोटांवर पण व्याज देता काय बघा की!” काउंटरवरचे सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न खोटा नव्हता. त्याचं भांडवल तेच होतं आणि ते कुठल्याच ताळेबंदात बसत नव्हतं.

मग कॅसिओ आला. कॅसिओ ही मुळात कॅल्क्युलेटर बनवणारी जपानी कंपनी. बँकेतल्या टेबलावर आम्ही तिचंच यंत्र वापरायचो. 1980 मध्ये तिनं कीबोर्ड काढला आणि 1981 मध्ये तर चक्क कॅल्क्युलेटर आणि बाजा एकाच डबीत घालून विकला. हिशेबही करा, गाणंही वाजवा! यामाहाचा डीएक्स-7 हा 1983 चा. त्यात ऱ्होड्सच्या आवाजाची नक्कल इतकी सफाईदार होती की खऱ्या ऱ्होड्सचा कारखानाच लवकर थंडावला. आपल्याकडं हळूहळू कुठल्याही कीबोर्डला ‘कॅसिओ’ म्हणायला लागले आणि वाजवणारा तो ‘कॅसिओवाला’. त्यात बासरी, सनई, व्हायोलिन, सगळ्यांचे आवाज. एका बटणात ठेकाही. पार्टीत दहाची सहा माणसं झाली. तरी ठीक होतं, कोणीतरी बोटांनी वाजवत होतं.

त्यानंतर आली ती डॉल्बी. आपल्या कोल्हापूर-बेळगाव भागात ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. रे डॉल्बी या अभियंत्यानं 1965 मध्ये कंपनी काढली ती कशासाठी, तर टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटाला दिलं! 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. डॉल्बीसमोर घराच्या काचा हलतात, म्हाताऱ्यांना धडकी भरते, पाळण्यातली पोरं दचकून उठतात. ही तक्रार मी म्हातारा झालोय म्हणून करत नाही. बेंजोही मोठाच वाजायचा, आमचे वडील त्यालाही नावं ठेवायचे. पण बेंजोचा आवाज बोटांच्या ताकदीएवढा आणि हातगाडीवरच्या बॅटरीएवढाच मोठा होऊ शकायचा. रस्त्यात दवाखाना लागला की पार्टीचा म्होरक्या हात वर करायचा आणि वादन थांबायचं. नाचणारा थकला की बेंजोवाला त्याच्या तोंडाकडं बघून लय उतरवायचा. पेन ड्राइव्हला हे जमत नाही, कारण त्याला समोरचा दिसत नाही.

फंकच्या त्या जुन्या पट्टीवाद्यांना आज परदेशात सोन्याचा भाव आहे. क्लॅव्हिनेटमधली रबराची टोकं जुनी होऊन चिकट होतात, ती बदलून देणारे खास कारागीर आहेत. नवी यंत्रं हुबेहूब आवाज काढत असूनही लोक जड जुनी पेटी घरी वाहून नेतात. का? दोनदा तीच पट्टी दाबली तरी आवाज दोनदा अगदी सारखा येत नाही म्हणून. काडी थोडी झिजलेली, तार थोडी उतरलेली, बोट थोडं हललेलं. माणूस त्यात ऐकू येतो. आपल्या बेंजोत हे सगळं होतं. 2016 मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, त्यात मुंबईच्या अशाच वादकांची गोष्ट आहे. त्यातही न्यूयॉर्कहून एक बाई तो आवाज शोधत येते. गल्लीतल्या माणसाला आपल्या वाद्याची किंमत बाहेरच्यानं येऊन सांगावी लागते, हे सिनेमातलं असलं तरी खोटं वाटत नाही.

आमच्या त्या पिग्मी खातेदाराचा भरणा 2000 नंतर कमी कमी होत गेला आणि एका आषाढात थांबला तो पुन्हा भाद्रपदातही सुरू झाला नाही. पुढं तो पोराकडं पुण्याला गेला असं ऐकलं. त्याच्या वाजवण्याची एकही रेकॉर्ड निघाली नाही. त्याच्यासारख्या कोणाचीच निघाली नाही. राहुलदेव बर्मनांच्या गाण्यात कोणी काय वाजवलं यावर आता पुस्तकं निघतात, चांगलंच आहे. पण ते गाणं चिकोडीच्या बसवेश्वराच्या नावानं चाललेल्या मिरवणुकीत किंवा निपाणीच्या गणपतीपुढं कोणी वाजवलं, याची एक ओळही कुठं लिहिलेली नाही.

म्हणून विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात लग्नाची व्हीएचएस कॅसेट पडून असेल. अक्षता आणि पंगतीच्या मधे दहा-पंधरा मिनिटं वरात असते. आपण नेहमी ती पुढं पळवतो, स्वतःचे चेहरे बघायला. यावेळी पळवू नका. त्यात बेंजोवाला दिसतो का बघा, आवाज नीट असेल तर कॅसेट बुरशी धरण्याआधी उतरवून घ्या. वादक कुठल्या गल्लीतले होते, कुठल्या सालचं लग्न, कुठलं गाणं, एवढं खाली लिहा. त्यांच्या घरच्यांची परवानगी असेल तर नावही. घरातली कन्नड बोलणारी मंडळी असतील त्यांनाही विचारा, त्यांच्याकडच्या कॅसेट वेगळ्या असतील.

आणि कोणाच्या माळ्यावर कळा अडकलेला, तारा गंजलेला बेंजो असेल तर भंगारात देऊ नका. कळवा. तारा मिरजेत मिळतात, सोल्डरिंग करणारे अजून आहेत, आणि माझ्याकडं आता वेळच वेळ आहे.